साइट जुनी आहे, मोडीत काढण्याजोगी नाही

पत्र : आमचं तालुक्याच्या गावातलं 'अ' वर्ग सार्वजनिक वाचनालय आहे. वेबसाइट २०११ साली एका सभासदाच्या मुलाने हौसेने करून दिली. २०१५ मध्ये त्यानेच वर्डप्रेस बसवलं, पण आधीची साठेक पानं एका फोल्डरात तशीच राहिली. एकूण पानं दीडशेच्या घरात आहेत. जुनी पानं मोबाइलवर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. तो मुलगा आता नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. होस्टिंग कंपनीने (जिच्या सर्व्हरवर साइट ठेवली आहे तिने) कळवलंय की पीएचपी ५.६ (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं तिची जुनी आवृत्ती) सप्टेंबरअखेर बंद होईल. एका कंपनीने 'जुनं सगळं टाका, नवीन बनवून देतो' म्हणून दरपत्रक दिलं आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वार्षिक सर्वसाधारण सभा आहे आणि पुढच्या वर्षी शतकमहोत्सव. नवीन करावं की आहे तेच सुधारावं? सुरुवात कुठून करावी? महोत्सवासाठी इंग्रजी पानं आणि देणगीचं बटण हवं असाही काही सभासदांचा आग्रह आहे. — कार्यवाह

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आहे तीच साइट सुधारा. दरपत्रक देणाऱ्याला 'जुनं सगळं' म्हणजे काय हे माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर अजून तुम्हालाही माहीत नाही. दीडशे पानांत काय आहे याची यादी होत नाही तोवर नवीन की जुनं हा प्रश्न समितीपुढे ठेवूच नका. ठेवलात तर चर्चा पहिल्या पानाच्या रंगावर आणि स्लायडरमध्ये कुणाचा फोटो आधी यावा यावर जाईल. तुमच्यासमोरची खरी कामं चार आहेत: मालकी, प्रत, यादी आणि मजकूर. देखावा पाचवा. पत्र जुलैत आलं आहे, म्हणजे हातात दहा आठवडे आहेत. तेवढे पुरतात, फक्त क्रम चुकता कामा नये.

पहिल्या आठवड्यात कुठल्याही पानाला हात न लावता डोमेन, म्हणजे साइटचं नोंदलेलं नाव, कुणाच्या नावावर आहे ते पाहा. 'हूइज' शोधात डोमेनचं नाव टाकलं की नोंदणी करणारी कंपनी आणि मुदत संपण्याची तारीख दिसते. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, ते त्या मुलालाच विचारावं लागेल. हौसेने केलेल्या साइटचं डोमेन जवळजवळ नेहमीच करणाऱ्याच्या खासगी ईमेलवर असतं, त्यात त्याचा काही डाव नसतो. त्याने इतकी वर्षं नूतनीकरणाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले असतील तर आधी ते विचारून परत करा, मग मागणी करा. मागणी नेमकी हवी. दुसऱ्या कंपनीकडे डोमेन हलवायला सांगू नका. त्याच कंपनीत वाचनालयाच्या नावाने खातं उघडा आणि डोमेन त्या खात्यात ढकलून घ्या. हे काम सहसा लवकर आणि बिनपैशात होतं. कंपनी बदलायची म्हटली की संकेतक्रमांक, मंजुरीचे ईमेल आणि डोमेन नुकतंच हललेलं असेल तर ६० दिवसांचं कुलूप, असं सगळं मागे लागतं.

नव्या खात्याला जो ईमेल द्याल तो संस्थेचा असावा, पण त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपली की त्यावरचा ईमेलही बंद पडतो आणि मुदत संपल्याची सूचना त्याच बंद पेटीत जाऊन पडते. मोबाइल क्रमांक ग्रंथपालांचा द्या, पर्यायी क्रमांक कार्यवाहांचा. समिती बदलली की हे दोन्ही बदलायचे आहेत, असं इतिवृत्तातच लिहून ठेवा.

आता प्रत. बॅकअप म्हणजे दोन गोष्टी: फाइली आणि डेटाबेस. नुसतं फोल्डर उतरवून घेतलं तर फोटो मिळतात, मजकूर मिळत नाही, कारण वर्डप्रेसचा मजकूर डेटाबेसात असतो. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून पूर्ण फोल्डर झिप करून घ्या, त्यात २०११ ची पानंही येतील. पीएचपीमायॲडमिनमधून (होस्टिंगवरचं डेटाबेस हाताळायचं साधन) डेटाबेस एसक्यूएल फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा. दोन्हींची एक प्रत वाचनालयाच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा. होस्टिंगच्या सर्व्हरवरच ठेवलेली प्रत सर्व्हरबरोबरच जाते.

एसक्यूएल फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून त्यातलं मराठी वाचून बघा. देवनागरी दिसली तर ठीक. स्वरचिन्हं लावलेल्या रोमन 'ए'ची लांबलचक रांग दिसली, तर २०१५ मध्ये डेटाबेसमधले तक्ते लॅटिन-१ या रोमन अक्षरसंचात बनले आणि मराठी युनिकोडमध्येच (आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत), पण चुकीच्या खुणेखाली साठलं गेलं. साइटवर आज ते बरोबर दिसतं, कारण लिहिताना आणि वाचताना एकच चूक होते. नव्या सर्व्हरवर वाचण्यातली चूक सुधारली की सगळी साइट एका रात्रीत गिचमीड होते. उपाय असा: आज्ञावलीतून डेटाबेस काढताना अक्षरसंच लॅटिन-१ द्यायचा, निघालेल्या फाइलमधल्या खुणा बदलून यूटीएफ८एमबी४ (युनिकोडची खूण) करायच्या आणि तशीच ती नव्या डेटाबेसात भरायची. काम तासाभराचं आहे, पण करणाऱ्याला याची कल्पना असली पाहिजे. दरपत्रकवाल्याला हा एक प्रश्न विचारून बघा, माणूस किती पाण्यात आहे ते कळेल.

यादी

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक पान. रकाने सात: पत्ता, शीर्षक, शेवटचा बदल, फॉन्ट जुना की युनिकोड, वर्षभरातल्या भेटी, निर्णय आणि जबाबदार व्यक्ती. पत्ते हाताने गोळा करू नका. स्क्रीमिंग फ्रॉग या प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत साइट चाळून यादी देते, तुम्हाला ती पुरून उरेल. फोल्डरातल्या ज्या पानांकडे कुठूनच दुवा जात नाही ती मात्र तिला सापडणार नाहीत, ती झिपमध्ये बघून भरा. भेटींचा आकडा, निदान गूगल शोधातून आलेल्यांचा, गूगल सर्च कन्सोलमधून (साइटमालकांसाठीची गूगलची सेवा) घ्या. नोंदणी नसेल तर आजच करा, कारण ते मोफत आहे. असेल तर आत्ताच सगळा तपशील उतरवून घ्या, कारण तिथे १६ महिन्यांपलीकडचं काही राहत नाही आणि बदल केल्यावर तुलनेला आधीचे आकडे लागतातच.

निर्णयाच्या रकान्यात चारच शब्द चालतील: ठेवा, सुधारा, जोडा, काढा. 'नंतर बघू' हा पाचवा शब्द घुसला की यादी संपत नाही. तुमच्यासारख्या साइटवर 'जोडा' बरंच निघतं. दर वर्षाच्या व्याख्यानमालेचं वेगळं पान, त्यात तीन ओळी आणि एक निमंत्रणपत्रिका, अशी दहा पानं असतील तर वर्षवार एकच पान करा. वार्षिक अहवाल, संस्थापकांची माहिती, दुर्मिळ ग्रंथांची यादी यांना भेटी कमी असल्या तरी ठेवा. शतकमहोत्सवाची स्मरणिका करताना संपादक मंडळ तिथूनच सुरुवात करणार आहे. उलट २०१४ च्या लेखनिक भरतीची सूचना आणि जुनी दरपत्रकांची मागणी खुशाल काढा.

सभासदांची यादी पत्ते आणि फोन नंबरांसह साइटवर असेल (अशा साइटींवर ती बहुतेक वेळा असतेच), तर ती दहा आठवडे थांबणारी बाब नाही, आज काढा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर तिचं समर्थन अजिबात करता येणार नाही. पानावरचा दुवा काढून भागत नाही. पीडीएफ अपलोडच्या फोल्डरात तशीच राहते आणि गूगलवरून सरळ उघडते. फाइलच पुसा आणि सर्च कन्सोलमधल्या 'रिमूव्हल्स'मध्ये तिचा पत्ता द्या.

जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात 'समिती' असं लिहू नका. वेळापत्रकाच्या पानापुढे ग्रंथपालांचं नाव हवं, कार्यक्रमांच्या पानापुढे ज्या कुणाच्या हाती निमंत्रणपत्रिका छापायला जाते त्यांचं. ज्या पानाला कुणीच वाली मिळत नाही त्याचा निर्णय बदलून 'काढा' करा.

इंग्रजी अक्षरांचा काला

तुमच्या कामाचा सर्वांत वेळखाऊ भाग हाच आहे, आणि दरपत्रकात बहुधा याची एकही ओळ नसेल. जुन्या फॉन्टांत, म्हणजे श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव वगैरेंत, फाइलमध्ये साठलेली अक्षरं रोमनच असतात. फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. मोबाइलवर तो फॉन्ट नसतो, म्हणून मुखवटा गळतो. गूगललाही रोमन काला दिसतो, त्यामुळे तुमच्या संस्थापकांचं नाव मराठीत शोधलं तर तुमचंच पान सापडत नाही. त्या फॉन्टांत केलेल्या पीडीएफ डोळ्यांना व्यवस्थित दिसतात, पण मजकूर कॉपी करून पाहा, हाताला तेच लागेल.

परिवर्तक (जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा प्रोग्रॅम) वापरण्याआधी फॉन्टचं नेमकं नाव शोधा. पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, ते लिहिलेलं असतं. एका फॉन्टचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही, आणि एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांच्या कळाही वेगळ्या असू शकतात. मग साठ पानं एकदम न टाकता एक पान घ्या आणि हे शब्द तपासा: आर्थिक, वार्षिक, दुसऱ्या, विद्यार्थी, राष्ट्रीय, ॲड., ऑगस्ट. 'आर्थिक'मध्ये सगळी मेख आहे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट: वेलांटी नंतर, रफार आधी. कच्चा परिवर्तक इथे हमखास अडखळतो. 'दुसऱ्या'मधला अर्धा र अनेकदा साध्या रफारात बदलतो आणि 'दुसर्या' उरतो. मजकुरात मध्येच आलेले इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्तेही देवनागरीत 'परिवर्तित' होऊन निरर्थक होतात, ते आधी बाजूला काढून ठेवा.

हे सात शब्द बरोबर आले तरी मुद्रितशोधन टळत नाही. त्यासाठी वाचनालयापेक्षा चांगली जागा कोणती? निवृत्त शिक्षक सभासदांना रोज दोन पानं छापून द्या, लाल पेनाने खुणा करून घ्या. साठातली निम्मी पानं 'काढा' किंवा 'जोडा'मध्ये गेली असतील तर तीन आठवड्यांत उरकेल. यादी आधी आणि परिवर्तन नंतर, हा आग्रह यासाठीच.

फॉन्ट निवडताना फार खल करू नका. मुक्त हा वाचायला सोपा आणि फुकट आहे. अहवाल किंवा लेखांसारख्या लांब मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी छान दिसतो, त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. साइटची भाषा मात्र सेटिंग्जमध्ये मराठी ठेवा. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श त्या खुणेवरच उमटतात, नाहीतर हिंदी वळण येतं.

पीएचपी आणि वर्डप्रेस

इथे उडी मारली की साइट पांढरी पडते. चालू साइटवर काहीही करू नका. सबडोमेनवर तिची प्रत उभी करा, तिला पासवर्ड लावा आणि वर्डप्रेसच्या वाचन सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना मनाई करणाऱ्या चौकटीत खूण करा. मग तिथे असं चढत जा. पीएचपी ५.६ वर चालणारी शेवटची वर्डप्रेस मालिका ६.२ आहे. ६.३ पासून पीएचपी ७ लागतं. म्हणून आधी न लागणारे प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेल्या जादा सोयी) पुसा, वर्डप्रेस ६.२ पर्यंत न्या, मग पीएचपी ७.४ करा आणि सगळी पानं उघडून पाहा. नंतर वर्डप्रेस आणि प्लगइन अद्ययावत करा आणि शेवटी पीएचपी होस्टिंगवर उपलब्ध असलेल्या ८ च्या ताज्या आवृत्तीवर न्या. ७.४ वर मुक्काम करू नका, तिची सुरक्षा दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबली आहे. दर टप्प्यानंतर प्रतीचा बॅकअप घ्या. पान पांढरं पडलं तर डीबग लॉग (चुकांची नोंद) चालू करून शेवटच्या ओळी वाचा, दोषी प्लगइनचं किंवा थीमचं (देखाव्याच्या साच्याचं) नाव तिथेच असतं.

दोन गोष्टी नक्की अडतील. त्या मुलाने थीमच्या मूळ फाइलींत थेट बदल केले असतील तर थीम अपडेट होताच ते पुसले जातील, म्हणून आधी ते चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमला जोडलेल्या वेगळ्या थीममध्ये) हलवा. दुसरी, पुस्तकं शोधायचं पान. २०११ मध्ये असं पान हाताने लिहिलं असेल तर त्यात मायएसक्यूएलची जुनी फंक्शनं असणार, आणि ती पीएचपी ७ मधून काढून टाकलेली आहेत. ते डागडुजी करण्याच्या लायकीचं नसतं, शोधचौकटीतून डेटाबेसात घुसण्याची वाटही तिथे बहुधा उघडी असते. पुस्तकांची नोंद ई-ग्रंथालय किंवा कोहा या ग्रंथालय-प्रणालींमध्ये असेल तर त्यांच्याच ऑनलाइन सूचीचा दुवा द्या. नसेल तर सूचीचं काम या दहा आठवड्यांत घुसडू नका, जुनं शोधपान बंद करून तिथे वाचनालयाचा फोन नंबर ठेवा.

पत्ते मरू देऊ नका

जुन्या पानांचे पत्ते विकिपीडियाच्या लेखांत, शाळांच्या साइटींवर, कुणाकुणाच्या प्रबंधांच्या तळटीपांत गेलेले असतात. पान हललं तरी जुना पत्ता नव्या जागी पोचला पाहिजे. यादीत 'नवा पत्ता' हा रकाना वाढवा आणि प्रत्येकासाठी ३०१ वळण (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं नेणारी सूचना) लावा. २०११ च्या पानांसाठी ते सर्व्हरवरच्या एचटीॲक्सेस या सूचनांच्या फाइलमध्ये लिहिता येतं. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणं हा आळशी उपाय आहे. वाचक गोंधळतो आणि गूगल ते पान नसल्यासारखंच धरतं. ही वळणं निदान वर्षभर तरी राहू द्या, कायम ठेवली तरी खर्च काही नाही.

नवे पत्ते रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचे ठेवा. देवनागरी पत्ता दिसतो सुंदर, पण आत एकेक अक्षरचिन्ह नऊ रोमन चिन्हांचं होतं आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० आहे. म्हणजे बावीस चिन्हांनंतर पत्ता तुटतो, काना-मात्रा धरून. व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केचिन्हांची वीतभर माळ होते, ती वेगळीच.

होस्टिंगही बदलणार असाल तर डीएनएसमधला (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदींमधला) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरत्र लक्षात राहण्याचा काळ, दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा आणि जुन्या एमएक्स नोंदी (ईमेल कुठे जावा ते सांगणाऱ्या) शब्दशः उतरवून घ्या. त्या राहिल्या तर साइट झोकात सुरू होते आणि वाचनालयाचा ईमेल गुपचूप बंद पडतो. जुनं होस्टिंग महिनाभर चालू ठेवा.

बदलाचा दिवस सभेच्या निदान दोन आठवडे आधीचा धरा, मंगळवार किंवा बुधवार, सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी नको, अडलं तर सोमवारपर्यंत कुणी फोन उचलत नाही. आदल्या चार दिवसांत जुन्या साइटवर कुणी नवीन मजकूर टाकायचा नाही, नाहीतर तो नव्या प्रतीत येणारच नाही. बदल झाल्यावर पहिलं काम म्हणजे सर्च इंजिनांना मनाई करणाऱ्या त्या चौकटीतली खूण काढणं. ती राहून गेल्याने चांगल्या साइटी काही आठवड्यांत गूगलवरून नाहीशा होतात आणि दोष नव्या थीमला दिला जातो. मग साइटमॅप (सगळ्या पत्त्यांची फाइल) सर्च कन्सोलमध्ये द्या, पहिला आठवडाभर ४०४ ची ('पान सापडत नाही' या चुकीची) नोंद रोज बघा आणि राहिलेली वळणं लावा. गूगल मॅप्सवरची वेळ आणि साप्ताहिक सुट्टीही त्याच दिवशी जुळवून घ्या. वाचक आधी तिथेच बघतो.

देखाव्याबद्दल थोडकंच. धावत्या सूचना काढा. फोटो मोबाइलमधून थेट चढवू नका, १६०० पिक्सेल रुंदी आणि ३०० केबीच्या आत आणून मगच चढवा. मोबाइलवर पहिल्या पडद्यात वेळ, पत्ता, फोन आणि 'सभासद कसं व्हावं' हे दिसलं पाहिजे.

काम बाहेर द्यायचं असेल तर दरपत्रक देणाऱ्या त्या कंपनीकडूनही करून घ्या, पण कार्यादेश तुम्ही लिहा. त्यात या बाबी स्वतंत्र ओळींत असू द्या: पानागणिक युनिकोड परिवर्तन, ३०१ वळणांची पूर्ण यादी, चाचणीची प्रत, सर्व पासवर्ड आणि मुख्य प्रशासक खातं संस्थेच्या ईमेलवर, सशुल्क थीम घेतल्यास परवाना संस्थेच्या नावे, तीन महिने बिनशुल्क दुरुस्ती. वार्षिक देखभालीचा दर वेगळा मागा. शेवटचा हप्ता, समजा एकूण रकमेचा तिसरा हिस्सा, साइट सुरू झाल्यावर महिन्याने द्या. तोवर ४०४ ची नोंद शांत झालेली असते.

इंग्रजी आवृत्ती पूर्ण करू नका. दोन भाषांत दीडशे पानं जिवंत ठेवायला तुमच्याकडे माणसं नाहीत. वाचनालयाची ओळख, पत्ता आणि वेळ, महोत्सवाची माहिती, अशी तीन पानं पुरेत.

देणगीच्या बटणाबाबत मात्र सावध राहा. विदेशी योगदान (नियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परकीय नागरिकाकडून देणगी घेता येत नाही, मग तो मूळचा तुमच्याच गावचा का असेना. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला सभासद नेहमीच्या बँकमार्गाने स्वतःच्या बचतीतून देऊ शकतो. हा फरक बटणाला कळत नाही. तेव्हा महोत्सवाच्या पानावर आधी एक छोटा अर्ज ठेवा: नाव, नागरिकत्व, पॅन, रक्कम, ईमेल. ग्रंथपालांनी तो पाहायचा आणि मग खात्याचा तपशील ईमेलने कळवायचा. अर्जाचा मसुदा साइटवर टाकण्याआधी तुमच्या लेखापरीक्षकांना दाखवून घ्या.